गणपती बाबांकडे, गौरी आईकडे

जानेवारीतला दुसरा मंगळवार, सकाळी दहा. पिस्कॅटवे, न्यू जर्सी. आमच्या ऑफिसातली एकुलती एक मोठी खोली.

हजर: कॅरल, घटस्फोटाच्या कामातली वकील, माझी बॉस. जेना, कॅरलची मुलगी, तीही वकील. अनघा, आमची अशील. समीर, अनघाचा नवरा, अजून काही आठवड्यांपुरता. समीरचे वकील. मी, उज्ज्वला, पॅरालीगल.

गैरहजर: जुई, अनघा-समीरची मुलगी, वय नऊ. शाळेत गेली होती.

प्रत्येक बैठकीची अशी नोंद मी करते. सतरा वर्षांच्या वह्या कपाटात आहेत. गैरहजर मुलाचं नाव मात्र मी पूर्वी लिहीत नसे. वरची ओळ नंतर लिहिली आहे, वेगळ्या शाईत.

आधी काम सांगते, कारण पॅरालीगल म्हणजे नक्की काय हे माझ्या सख्ख्या भावालाही नीट ठाऊक नाही. तो सगळ्यांना "ताई वकील आहे" असं सांगतो. मी वकील नाही. वकील बोलतात, मी कागद लावते. नवरा-बायकोच्या घरात काय काय आहे, कोणाचं काय आहे, मुलं कुठल्या वारी कोणाकडे राहणार, याच्या याद्या करते. त्या याद्यांवर वकील भांडतात, तडजोड होते, न्यायाधीश सही करतात आणि माझी यादी कोर्टाचा हुकूम होते.

हल्ली इथल्या मराठी मंडळातल्या बायका विचारतात, "त्या ब्रिटिश सीरियलमधल्यासारखं असतं का गं तुमच्याकडे?" लंडनमधल्या घटस्फोट-वकिलांच्या एका घराण्यावरची मालिका आहे, आई वकील, मुली वकील, आणि त्यांच्या स्वतःच्याच संसाराला भेगा. जेना आणि मी जेवणाच्या सुट्टीत तिच्या लॅपटॉपवर ती बघायचो. तिथे सगळे काचेच्या इमारतीत उंच टाचांवर भराभरा चालतात. आमचं ऑफिस एका रांगेतल्या दुकानांमध्ये, दातांच्या दवाखान्याला लागून आहे. दिवसभर लवंगेच्या तेलाचा वास येतो. आमच्याकडेही आई वकील आणि मुलगी वकील आहे, एवढंच साम्य. एकदा डबा खाता खाता जेना म्हणाली, "यांच्यात एक गोष्ट कोणी दाखवतच नाही बघ. कॅलेंडर कोण करतं?"

कॅलेंडर मी करते.

त्याआधी एक सोपी वाटणी सांगते, म्हणजे माझं काम नुसतं रडकं आहे असं वाटायचं नाही. भांडी. आपल्या लोकांची भांडी वाटणं सगळ्यात सोपं, कारण त्यांच्यावर नावं घातलेली असतात. एका केसमध्ये समोरचा अमेरिकन वकील पितळेचं पातेलं उलटसुलट करून विचारत होता, "हे काय कोरलंय? बनवणाऱ्याचं नाव?" मी वाचून दाखवलं: "चि. सौ. कां. अमुक हिच्या विवाहाप्रीत्यर्थ, धाकट्या मामाकडून." तो म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे भांड्यांबरोबर पुरावा येतो?" म्हटलं, हो, मामाने पन्नास वर्षं पुढचं पाहिलं होतं. नवऱ्यानेही हसून पातेलं सोडलं. बायकोने ते घेतलं आणि गाडीपर्यंत पोटाशी धरून नेलं. तिच्या मागोमाग कागद घेऊन गेले, तर ती गाडीत पातेल्यावर डोकं टेकून बसली होती. मी कागद दुसऱ्या दिवशी दिले.

मुलांच्या अंगावर कोणी नाव घालत नाही.

तर कॅलेंडर. मुलगा किंवा मुलगी सोमवार-मंगळवार आईकडे, बुधवार-गुरुवार बाबांकडे, शनिवार-रविवार आळीपाळीने. हे झालं रोजचं. सणांसाठी वेगळा तक्ता असतो आणि तो रोजच्यावर कुरघोडी करतो. मी लागले तेव्हा त्या तक्त्यात आपल्यासाठी एकच ओळ असायची: दिवाळी, एक दिवस. मी कॅरलला सांगितलं की दिवाळी एका दिवसाची नसते, आणि दिवाळी हा आमचा एकच सण नाही. ती म्हणाली, "मग तू लिही."

मी सणांची यादी लिहिली. पाडव्यापासून संक्रांतीपर्यंत, तिथीचा सण असेल तर तारीख पंचांगावरून दरवर्षी कळवायची, कोणी, किती दिवस आधी, सगळं. ऑफिसात तिला 'उज्ज्वलाची यादी' म्हणतात. बाहेरचे वकीलसुद्धा मागून घेतात. मला त्या यादीचा अभिमान होता. इथे आपल्याला आपल्या नावाचा उच्चारसुद्धा दहादा सांगावा लागतो. तिथे कोर्टाच्या हुकुमात 'नारळी पौर्णिमा' लिहिलेलं असायचं आणि ते मी लिहिलेलं असायचं.

त्या मंगळवारी हाच तक्ता शेवटी उरला होता. घर, गाडी, शाळा, सगळं जमलं होतं. अनघा आणि समीर दोघंही सॉफ्टवेअरमधले, ती पुण्याची, तो साताऱ्याचा. आरडाओरडा नाही. तेरा वर्षांत बोलणं आटत आटत संपलेलं, तसं जोडपं. समीरकडे त्याच्या घरचा गणपती बसतो. अनघाकडे तिच्या आईने दिलेल्या गौरींचे मुखवटे आहेत. आईला दोन्ही मुलीच, म्हणून तिने थोरलीच्या ओटीत घातले. लग्न टिकलं होतं तोवर हे सगळं एकाच दिवाणखान्यात व्हायचं.

समीर म्हणाला, "गणपती माझ्याकडे. बाकी काहीही दे, चालेल."

अनघा म्हणाली, "मग गौरी माझ्याकडे. दरवर्षी. ऑड-इव्हन वर्षांची आळीपाळी नाही."

"डन."

"डन."

महिनाभरात पहिल्यांदाच दोघं एकमेकांकडे बघून बोलले होते. कॅरलने माझ्याकडे पाहिलं. तिच्या त्या नजरेचा अर्थ 'तुमच्याकडे हे बरोबर आहे ना?' मी मान हलवली आणि लिहिलं. ओळ चार: गणपती, स्थापनेपासून विसर्जनापर्यंत, वडिलांकडे. ओळ पाच: गौरी, आवाहनापासून विसर्जनापर्यंत, आईकडे. सह्या झाल्या. मी कागदांना भोकं पाडून फाइलला लावले. साडेबाराला सगळे गेले.

मराठी वाचकांच्या एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. का नाही, ते सांगते. ही सबब नाही, कारण आहे. माझ्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे गणपती दीड दिवसाचा. गौरी आमच्याकडे नाहीतच. माझ्या डोक्यातल्या पंचांगात गणपती गेल्यावर दोनेक दिवसांनी दुसऱ्यांच्या घरी हळदीकुंकवाला जायचं, त्या गौरी. समीरकडे गणपती दहा दिवसांचा. गौरी येतात तेव्हा त्याच्या घरी गणपती असतोच. अनघाला आणि समीरला तरी कसं कळलं नाही? त्यांच्या घरात गौरी-गणपती एकाच ठिकाणी, एकाच आरतीत. तो एकच सण होता. आपण एकाचे दोन करतोय हे त्यांच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. त्या खोलीत ते बघण्याचा पगार फक्त मला मिळत होता.

सप्टेंबर आला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. अनघाने सांगितलं, समीरच्या वकिलांनी कळवलं, पोलिसांचा एक पानी कागदही आला. तिघांत फारसा फरक नव्हता.

गौरी यायच्या त्या दिवशी अनघाने अपार्टमेंटच्या दारापासून आतपर्यंत रांगोळीची पावलं काढली. गौर आणायचा मान जुईचा, तिने त्या पावलांवरून मुखवटा घेऊन यायचं, आईने विचारायचं, "गौर आली, काय घेऊन आली?" अनघा संध्याकाळी पाचला जुईला आणायला समीरकडे गेली. तिथे आरतीला माणसं जमलेली. जुई परकर-पोलक्यात, हातात झांजा.

समीर दारात आला. "अगं, गणपती बसलाय अजून. विसर्जनापर्यंत ती इथेच आहे."

"गौरी आहेत आज. आईकडे. लिहिलंय."

"मीपण वाचलंय. ओळ चार."

"ओळ पाच वाच."

दोघांनी फोन काढले. दोघांच्या फोनवर तोच कागद. आतली आरती एकेका माणसाने थांबत गेली. समीरची आई आतून म्हणाली, "अरे, पोरीला आरती तरी पुरी करू दे." अनघा म्हणाली, "आई, तुम्ही मध्ये बोलू नका." मग समीरचा आवाज चढला, मग अनघाचा, आणि मग कोणीतरी, ते कोण हे अजून ठरलेलं नाही, पोलिसांना फोन केला.

पोलीस आला. तरुण, सभ्य माणूस. त्याने दारातल्या चपलांच्या ढिगाबाहेर उभं राहून दोन्ही ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. म्हणाला, "मला वाटतं तुम्ही दोघंही बरोबर आहात. हे मी सोडवू शकत नाही. वकिलांना फोन करा."

एवढ्यात जुई जिन्यावरून खाली आली. कोणाच्याही नकळत ती वर गेली होती आणि परकर-पोलकं काढून शाळेचा टी-शर्ट घालून आली होती. ती आई-बाबांशी बोललीच नाही. पोलिसाला म्हणाली, "आय ॲम नॉट सेलिब्रेटिंग एनीथिंग. कॅन आय गो टू माय फ्रेंड्स हाऊस?"

पोलिसाने कागद पाहिला. म्हणाला, "स्वीटी, द पेपर डझंट से."

जुई त्या दिवशी बाबांकडेच राहिली, कारण ती तिथे होती. अनघा एकटी परत गेली. तिने गौरी स्वतःच आत आणल्या. प्रश्नही तिनेच विचारला की नाही, हे मी तिला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ती ऑफिसात आली. कॅरल कोर्टात होती. मी पाणी दिलं, टिशूचा डबा तिच्या हाताला लागेल असा ठेवला; पुढे सरकवायचा नाही, नुसता ठेवायचा, हा माझा नियम. ती रडली नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "कॅरलला मी काही म्हणत नाही. तिला काय कळणार. पण उज्ज्वलाताई, तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं. "मला कळायला हवं होतं."

"तुम्ही मान हलवलीत. मी बघितलं होतं. म्हणून मी सही केली."

एवढं बोलून ती गेली, तिला दहाची मीटिंग होती. सतरा वर्षांत लोक माझ्यावर ओरडले आहेत, एकाने स्टेपलर फेकला आहे. त्याचं काही वाटलेलं मला आठवत नाही.

कॅरल दुपारी आली. मी चूक सांगितली: ओळी, दीड दिवस, दहा दिवस, सगळं क्रमाने. ती म्हणाली, "दोघा अशिलांनी वाचलं, दोघा वकिलांनी वाचलं. कागदावर सही माझी आहे, तुझी नाही. चूक माझी." वकिलाने असंच म्हणायचं असतं आणि कॅरलने ते मनापासून म्हटलं. पण ओझं असं उचलून दुसऱ्याकडे जात नाही. मग ती कामाला लागली: दुरुस्तीचा अर्ज, दोघांची संमती, नवा हुकूम. "पर्याय लिही. एक, गौरीचे तीन दिवस आई, बाकी सात बाबा. दोन, एक वर्ष आड. तीन, दुपारी दोनला अदलाबदल..."

"नॉट टू ओ'क्लॉक," जेना म्हणाली.

जेना दारात उभी होती. छत्तीस वर्षांची आहे, आईसारखीच उंच, आईसारखीच कमी बोलणारी. दोघी कामाचं सोडून एकमेकींशी काही बोलल्याचं मी क्वचित ऐकलं होतं.

"दोनला काय झालं?" कॅरलने विचारलं.

"माझं कॅलेंडर तू केलं होतंस. हाताने. मी सहा वर्षांची होते. ख्रिसमस दुपारी दोनपर्यंत आईकडे, दोननंतर डॅडकडे. एकदम फेअर. बारा वर्षं मी ख्रिसमसला दोन वाजता गाडीत होते. लोकांना झाड आठवतं, मला गाडीतल्या हीटरचा वास आठवतो."

कॅरलने टेबलावरचं पंचिंग मशीन ओढलं आणि समोरच्या कागदांना भोकं पाडली. त्या कागदांना सकाळीच मी भोकं पाडली होती. एका बाजूला चार भोकांचे ते कागद अजून फाइलमध्ये आहेत. बदलावेसे वाटले नाहीत.

जरा वेळाने जेना माझ्याकडे वळली. "त्या मुलीला काय हवंय?"

सतरा वर्षं. किती तक्ते केले ते मोजलेलं नाही. हा प्रश्न माझ्या कुठल्याच यादीत नव्हता. कारण आहे, आणि ते कारण योग्यही आहे: आम्ही एका बाजूची माणसं. मुलांशी बोलायला आम्हाला मनाई. उद्या कोणी म्हणेल, आईच्या वकिलाने पढवलं. मुलाचं ऐकायला कोर्ट त्रयस्थ माणूस नेमू शकतं, पण हे दोन शहाणे पालक आहेत, आधी त्यांनीच ठरवावं, असं सगळ्यांना वाटत होतं. कॅरलने दोघांना लेखी विचारलं: जुईला कोणा समुपदेशकाकडे न्यायला तुमची संमती आहे का?

अनघाचं उत्तर: गरज नाही, मी तिला विचारलं, ती म्हणाली, "इट्स फाइन, यू डिसाइड." समीरचं उत्तर: तिला यात ओढू नका, मी विचारलं, शी सेड इट्स फाइन. महिनाभरात एवढ्या एका बाबतीत दोघांचं एकमत झालं.

मी ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवून पुन्हा वाचले. रोज दोन घरांत राहणारं मूल दोन्हीकडे एकच उत्तर देतं, तेव्हा ते उत्तर नसतं.

यंदा गणपती आले तेव्हा नवा हुकूम झालेलाच नव्हता. दोघंही गेल्या वर्षीच्या प्रकाराने धसकले होते. समीर म्हणाला, हवं तर ती तुझ्याकडे. अनघा म्हणाली, नको, तुझ्याकडे. जुई दोन्हीकडे गेली नाही. सहा दिवस मैत्रिणीच्या घरी राहून सॉकर खेळली. अनघाने यंदा पावलं काढली नाहीत. समीरने गणपती दीड दिवसाचा केला. आता ओळ चार आणि ओळ पाच कुठेच आड येत नाहीत. कागद जुळला आहे.

हा लेख छापायला देण्यापूर्वी दोघांना दाखवला. नावं, गावं, नोकऱ्या बदलल्या आहेत. दोघांनी एकेक ओळ काढायला लावली, ती काढली. उरलेलं राहू दे म्हणाले.

शेवटचं एक. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मंडळाचा मुलांचा कार्यक्रम होता, शाळेच्या जिमखान्यात. नावनोंदणीच्या टेबलावर अर्थातच मी. कुटुंबवार यादी, त्याप्रमाणे छापलेले बिल्ले, बिल्ल्याच्या कोपऱ्यात कुटुंब क्रमांक, त्यावर जेवण. बिल्ले अक्षरवार लावताना माझ्या हातात जुई नावाचे दोन आले. एकावर सत्तावीस, एकावर एकेचाळीस. दोघांनीही तिला आपापल्या कुटुंबात मोजलं होतं. एक काढून टाकायला हवा होता. कुठला, ते मला ठरवता आलं नाही.

जुई आली ती मैत्रिणीच्या आईबरोबर. आता दहा वर्षांची आहे, उंच झाली आहे. मला ती ओळखत नाही. मी तिला सगळ्या कागदांतून ओळखते, शाळेतल्या शेऱ्यांपासून दाढेतल्या सिमेंटपर्यंत.

"मावशी, जुई. जे, यू, आय."

मी बिल्ल्यांचा डबा उघडला. तिने आत डोकावून पाहिलं. तिची नजर पटकन चालते.

"व्हाय डू आय हॅव टू ऑफ दीज?"

"एक चुकून छापला गेला," मी म्हटलं.

"ओह." तिने दोन्ही हातात घेतले, कोपऱ्यातले आकडे पाहिले. तिला ते आकडे कळले की नाही, मला सांगता येणार नाही. मग मान वर करून विचारलं, "विच वन इज द मिस्टेक?"

मागे रांग होती. तोंडाशी आलं होतं, बाळ, तुला कुठला हवा? सतरा वर्षांचा नियम आडवा आला; की नियमाच्या आड मीच लपले, हे मला अजून सांगता येत नाही. मी म्हटलं, "दोन्ही ठेव." तिने एक छातीवर लावला, दुसरा घडी घालून जीन्सच्या खिशात घातला आणि पळाली. छातीवर कुठला लावला, ते मी मुद्दाम पाहिलं नाही.

सोमवारी ऑफिसात नवी यादी केली. कॅरलचा नोव्हेंबर, जेनाच्या तारखा, तीन अर्ज, दोन नोटिसा. संध्याकाळपर्यंत सगळ्यांवर खूण झाली. एक ओळ राहिली. गेले तेरा महिने ती प्रत्येक सोमवारी मी जुन्या पानावरून नव्या पानावर उतरवते आहे: जुईला विचारणे. त्यापुढे 'कोणी' असा रकाना आहे. तो कोरा आहे.